एकटा धालसीम

लोहमार्गांच्या फाट्यांनी वेढलेल्या दिवा गावी आज इमारतींची इतकी दाटी झाली आहे की, मुलांना हुतूतूपुरतीही मोकळी जागा सहजासहजी लाभत नाही. मग सायंकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर कोंडाळे जमते आणि मोबाईलच्या काचेवर झुंज सुरू होते. मैदान नसलेल्या मुलांनी दुसरे करावे तरी काय? यांतील पुष्कळशा झुंजी जपानात रचलेल्या असतात. खेळणाऱ्याने आरंभी आपला योद्धा निवडावयाचा असतो. आणि ही निवड दिसते तितकी क्षुल्लक नाही.

ओसाका येथील कॅपकॉम कंपनीने १९९१ साली 'स्ट्रीट फायटर टू' हा खेळ काढला. त्यात निवडीसाठी आठ योद्धे होते. त्यांतला भारताचा योद्धा म्हणजे धालसीम. हाडकुळे शरीर, गळ्यात कवट्यांची माळ, मुखातून ज्वाळा, आणि हातपाय तर वाटेल तितके लांबणारे! हे सारे सामर्थ्य योगाचे, असे त्या खेळात मानले आहे. नित्य योगासने करणाऱ्या एखाद्या आजोबांना हे ऐकून हसू आवरणार नाही. हा लांबणारा हात भारतातून गेलेलाच नाही. १९७६ सालच्या एका चिनी चित्रपटातील योग्यावरून तो घेतला, असे सांगतात. पडद्यावरच्या भारतावरून खेळातला भारत घडला तो असा.

तथापि रागावण्यापूर्वी न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. कथेतील धालसीमला हिंसेचा तिटकारा आहे. गावकऱ्यांसाठी धन मिळावे म्हणून तो नाइलाजाने लढतो. त्या कवट्याही साथीत दगावलेल्या बालकांच्या. म्हणजे ती शोकाची खूण होय. त्याच्या मुलाचे नाव तर दत्ता! शिवाय जपान्यांनी स्वतःलाही सोडलेले नाही. त्यांचा सुमो मल्ल होंडा हा काबुकी नाटकातल्या नटासारखा तोंड रंगवून येतो. मग भारतीयांनीच का रुसावे, असे कोणी म्हणेल.

या युक्तिवादात एक उणीव आहे. होंडाच्या जोडीला रियू उभा आहे: शांत, संयमी, साध्या पांढऱ्या वेशातला. अमेरिकेलाही केन आणि गाईल असे दोघे मिळाले. चीन, ब्राझील, सोव्हिएत संघ आणि भारत यांच्या वाट्याला मात्र एकेकच. ज्याच्या दोन प्रतिमा असतात, त्याची एक विनोदी झाली तरी बिघडत नाही. धालसीमला सारा देश एकट्याने वाहावा लागतो. २०२३ साली आलेल्या सहाव्या खेळातही तो आहेच.

दुसऱ्या प्रतिमेसाठी फार दूर जावयास नको. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांची कुस्ती जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झाली. इशी जिंकले व पुढे सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खऱ्या भारतीय मल्लाचे बळ एका जपानी मल्लाने असे प्रत्यक्ष अजमावले होते. पण ओसाकाच्या चित्रकारांना गोळेश्वर कसे ठाऊक असावे? तो योद्धा त्यांनी रचावा, ही अपेक्षाच चुकीची. दिव्याच्या जिन्यावरील मुलांपैकी कोणी उद्या संगणकविद्या शिकेल. लंगोट कसलेला, तांबड्या मातीने माखलेला, ढाक आणि धोबीपछाड जाणणारा मल्ल त्याला रचता येईल. त्या मल्लाला ज्वाळा ओकण्याची गरज पडणार नाही.