मौझरचे पुजारी

जुनी शस्त्रे जमविणाऱ्या मंडळींचे एक ऋण आरंभीच मान्य करून टाकतो. ही मंडळी नसती, तर कितीतरी इतिहास भंगारवाल्याच्या तराजूत केव्हाच वजनावर विकला गेला असता. तेव्हा माझे भांडण संग्रहाशी नाही. माझे भांडण आहे ते एका दृष्टीशी. आणि ती दृष्टी जर्मन लष्करी रायफलींच्या भक्तांमध्ये जितकी स्वच्छ दिसते, तितकी अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

आमच्या लालबागेत 'जर्मन' या शब्दाचा अर्थ परवापरवापर्यंत साधा होता. जर्मनचे पातेले, जर्मनची परात! चाळीतल्या प्रत्येक मोरीत हे जर्मन उपडे पडलेले असे आणि त्याचे कुणाला कौतुक नव्हते. आता गिरण्यांच्या जागी मनोरे आले, मनोऱ्यांत दिवाणखाने आले आणि दिवाणखान्यांत काचेची कपाटे आली. अशा काही कपाटांपुढे मी उभा राहिलो आहे. आत मखमलीवर एक संगीन असते. कातडी काडतूसपेट्यांची एक जोडी असते, तीन कप्प्यांची एक पेटी, कप्प्यात दहा आणि दोन पेट्या मिळून साठ काडतुसे. नळी साफ करण्याच्या साखळीची पत्र्याची डबी असते. रायफल मात्र बहुधा नसते, कारण १९५९ चा आपला शस्त्र कायदा आडवा येतो. दुरुस्तीनेही उडू शकणार नाही असे जुनाट हत्यार तेवढे त्यातून सुटते. तसे एखादे निकामी धूड मिळालेच, तर यजमान ते तान्ह्या बाळासारखे दोन्ही हातांवर घेऊन पाहुण्यापुढे धरतात. "वजन बघा! बनावट बघा! सगळे आकडे जुळतात!"

आकडे जुळणे ही या पंथातली परमावधीची पुण्याई. नळीवरचा आकडा, खटक्यावरचा आकडा, दस्त्यावरचा आकडा, सगळे एकच असले की भक्त गहिवरतो. त्याला गरुडाचे छाप ओळखता येतात. कारखान्यांची सांकेतिक अक्षरे तो रामरक्षेसारखी म्हणतो. एवढ्या अभ्यासाचा मला आदरच वाटला असता. पण अभ्यास पोलादापाशी येतो आणि थांबतो. रायफलीला दोन टोके असतात. एका टोकाला ती घडविणारा आणि धरणारा माणूस, दुसऱ्या टोकाला ती झेलणारा. भक्ताच्या कपाटात ही दोन्ही टोके नेमकी कापलेली असतात.

पहिला बचाव असतो कारागिरीचा. तो मी अर्धा मान्य करतो. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावी मौझर बंधूंनी बंदुका घडविल्या आणि त्यांच्या कारखान्याची १८९८ ची रचना इतकी पक्की निघाली, की शिकारीच्या रायफलींत ती अजून जिवंत आहे. पण १९३५ च्या आखूड नमुन्याच्या ज्या लाखो रायफली नाझी राजवटीने घडविल्या, त्यांच्यावरची ती सांकेतिक अक्षरे एकदा नीट वाचा. 'बीसीडी' म्हणजे वायमारचा गुस्टलॉफ कारखाना. त्याची दुसरी शाखा १९४३ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीला लागूनच उभी राहिली आणि छावणीतले कैदी तिथे रायफलींच्या कामाला जुंपले गेले. २४ ऑगस्ट १९४४ रोजी त्या कारखान्यावर बाँब पडले, तेव्हा मेलेल्यांत ते कैदीही होते. 'बीएनझेड' म्हणजे ऑस्ट्रियातला श्टायर. त्याच्यासाठी गुझेनच्या छावणीत उपाशी माणसे रायफलींचे सुटे भाग घडवीत होती. प्रत्येक रायफलीवर कैद्याचा हात फिरला असे मी म्हणत नाही. पण ज्या नगावर तो फिरला असेल, तो नग पाहताना 'जर्मन कारागिरी' असे कुणी म्हणू लागला, तर त्याला विचारावेसे वाटते: महाशय, कारागीर कोण? त्याचे नाव काय? रायफलीचा आकडा तुम्हांला तोंडपाठ आहे. पण आकडा त्या माणसालाही होता आणि तो कुठे जुळतो याची चौकशी तुम्ही कधी केलीत काय?

दुसरा बचाव असा, की ती लढाई युरोपची, तिच्याशी आपले देणेघेणे नाही. हे लालबागेत बसून म्हणणाऱ्याच्या धैर्याची कमाल आहे! कोकणातल्या आणि घाटावरच्या ज्या घरांतून एक भाऊ गिरणीत आला, त्याच घरांतून दुसरा पलटणीत गेला. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत-अल-अमाराला तुर्कांनी जी फौज कोंडली, ती सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. तुर्की शिपायांच्या हाती मौझर होत्या. त्यांच्या सेनेची सूत्रे फॉन डेर गोल्ट्झ या जर्मन सेनापतीकडे होती; शरणागतीच्या दहा दिवस आधी तो बगदादेत वारला. शरण गेलेले सुमारे तेरा हजार. त्यांपैकी कितीतरी कैदेच्या वाटेवरच संपले.

आणि दुसरे महायुद्ध? माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या खोऱ्यात होते. जर्मन मशीनगनने त्यांच्या तुकडीतले बाकीचे सारे ठार वा जखमी केले. ते एकटे धावून गेले. हातबाँब टाकला, गोळ्या झाडल्या आणि गोळ्या संपल्यावर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळविले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत बसल्या. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पश्चात मिळाला. त्या नेमबाजांच्या हातात कोणती रायफल होती हे लिहून ठेवलेले नाही; पण जर्मन नेमबाजाचे नेहमीचे हत्यार म्हणजे हीच मौझर, वर दुर्बीण लावलेली. आणि संग्राहकांच्या बाजारात चढ्यात चढ्या भावाने जाणारे उपसाहित्य कोणते? तीच दुर्बीण! काचेचे कौतुक खुशाल करा. पण त्या काचेतून एकदा पलीकडे पाहा. पलीकडे माणगावचा मुलगा उभा असण्याचा संभव आहे.

घाडगे यांच्या स्मरणार्थ इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये एक छायाघटिका उभारली. परक्या गावाला जे सुचले, ते आपल्या कपाटांना सुचू नये?

तिसरा बचाव सर्वांत लाघवी असतो. "आम्ही वस्तू फक्त जतन करतो, तिचा अर्थ लावीत नाही." पण अर्थ न लावणे हाही एक अर्थच असतो आणि तो आम्हां लालबागकरांना चांगला परिचयाचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक निवल्या. त्यांच्या जमिनींवर उपाहारगृहे निघाली आणि त्यांच्या भिंतींवर शोभेला धोटे टांगले गेले. पॉलिश केलेले, दिव्याखाली झळकणारे, देखणे धोटे! तो धोटा ज्याच्या हातात होता, त्याला त्या जागी आता चहासुद्धा परवडणार नाही. वस्तू जतन झाली, माणूस पुसला गेला. मौझरची कपाटे आणि ते धोटे एकाच दृष्टीची लेकरे आहेत. म्हणून हा प्रश्न मला दूरच्या जर्मनीचा वाटत नाही. तो माझ्या गल्लीतला आहे.

हत्याराला अर्थ देतो तो हात. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून पन्नास मौझर पिस्तुले आणि शेहेचाळीस हजार काडतुसे बंगाली क्रांतिकारकांनी पळविली. त्या पिस्तुलाचे लाकडी घरटे मागे जोडले की त्याचाच दस्ता होई. तेच लाकूड कपाटात आले की 'दुर्मिळ उपसाहित्य' ठरते आणि कुणाच्या खांद्याला टेकले होते हा प्रश्न उरत नाही.

आपली परंपरा याहून शहाणी आहे. खंडेनवमीला आपण आयुधे पुजतो. पण जो तो आपापले आयुध पुजतो. शेतकरी नांगर, सुतार रंधा, गिरणीकामगार आपला साचा. झेंडूची माळ पडते ती हात आणि हत्यार यांच्या नात्यावर. नात्यावाचून नुसत्या पोलादाला ओवाळणे ही पूजा नव्हे, तो मोह आहे. आणि ज्या पोलादावर स्वस्तिकाची मानवसंहारक मुद्रा उमटवली गेली, त्याचा मोह तर निर्धोक मुळीच नाही. पोरे कपाटापुढे उभी राहतात. त्यांना बनावट दिसते, शिस्त दिसते, झळाळी दिसते. मी शिक्षक आहे. पोरांना जे दाखविले जात नाही, ते नसतेच असे ती मानतात, हे मला रोज दिसते.

तेव्हा संग्रह जाळा, फेका, समुद्रात बुडवा असे मी सांगत नाही. उलट ठेवा, नीट ठेवा. ती मुद्रा खरवडूनही टाकू नका. खरवडणे ही पुसण्याचीच दुसरी तऱ्हा. मागणे एवढेच, की प्रत्येक नगापाशी, जिथे आज नमुना, साल आणि छाप लिहिलेला असतो, तिथे आणखी दोन ओळी लिहा. ही कुणी घडविली? ही कुणावर रोखली होती? नाव ठाऊक नसेल, तर जागा कोरी ठेवा. कोरी जागाही बोलते.

९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या बांधावर नामदेव जाधव या अहमदनगर जिल्ह्यातल्या शिपायाने जखमी सोबत्यांना पाण्यातून पलीकडे पोचविले, परत येऊन जर्मन मशीनगनची ठाणी एकट्याने बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली. त्यानंतर दोनच दिवसांनी, ११ एप्रिलला, बुखेनवाल्डचे फाटक उघडले. रायफलीच्या एका टोकाचा माणूस आणि दुसऱ्या टोकाचा माणूस एकाच आठवड्यात तिच्यापासून सुटले. त्यांची एकमेकांना ओळख नव्हती. ती करून देण्याचे काम संग्राहकाचे आहे. ते ज्याला नको असेल, त्याने आपल्या छंदाला इतिहास म्हणू नये.