स्थलांतरित तृणवृक्षाची निगा : दोन उन्हाळ्यांची कसोटी

संस्कृत कोशकारांनी ताड, खजूर, केतकी इत्यादी वनस्पतींची गणना तृणद्रुमांत केली आहे. गवतासारखी पाने आणि वृक्षासारखे खोड असा दुहेरी साज असलेल्या वनस्पती त्यांच्या चांगल्या परिचयाच्या होत्या. ऑस्ट्रेलियातील तृणवृक्ष मात्र या सर्वांहून निराळा आहे. झँथोऱ्हिया या शास्त्रीय नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रजातीत सुमारे ३० जाती असून त्या सर्व निसर्गतः केवळ ऑस्ट्रेलियातच वाढतात. तृणवृक्ष हा गवत नव्हे आणि ताडही नव्हे. आधुनिक वर्गीकरणानुसार तो परसातल्या कोरफडीच्या कुळात मोडतो. वणव्याने काळवंडलेले खोड, त्याच्या माथ्यावर सर्व बाजूंनी झुकलेल्या चिवट पानांचा झुपका आणि मधूनच उंच भाल्यासारखा निघणारा फुलांचा दांडा, असे त्याचे रूप एकदा पाहिले की विसरता येत नाही. पर्थ, ब्रिस्बेन, ॲडलेड या शहरांच्या परिसरातील गृहस्थ तो आपल्या अंगणात मोठ्या हौसेने लावतात. ऑस्ट्रेलियात घर केलेल्या मराठी माणसालाही रोपवाटिकेत त्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे.

परंतु रानातून उपटून आणलेल्या या झाडांपैकी कित्येक झाडे अंगणात आल्यावर वर्षा-दोन वर्षांनी वाळतात. अशा वेळी झाड नाजूक होते, हवा मानवली नाही, रोपवाटिकेने फसविले, अशी अनेक कारणे सांगितली जातात. त्यांपैकी एखादे खरेही असते. तथापि पुष्कळदा दोष असतो तो झाड जगले असा निर्णय फार लवकर घेणाऱ्या मालकाचा. तृणवृक्षाच्या बाबतीत हिरवेपणा हा जीवनाचा पुरावा नव्हे, ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे बरीचशी हानी होते.

खोडातील शिदोरी

असे का घडते हे समजण्यासाठी झाडाची रचना पाहिली पाहिजे. तृणवृक्षाचे जे जाड काळे खोड बाहेरून दिसते, त्याचा बाह्य भाग जुन्या पानांच्या बुडख्यांचा बनलेला असतो. हे बुडखे झाडातून स्रवणाऱ्या राळेने एकमेकांस घट्ट चिकटलेले असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी नूंगार लोक या झाडाच्या तेथील जातीला बलगा म्हणतात आणि दगडी हत्यारांना दांडा बसविण्यासाठी तिच्या राळेचा उपयोग पूर्वापार करीत आले आहेत. बुडख्यांच्या या चिलखताच्या आत खरा जिवंत गाभा असतो आणि त्यात पिष्टमय अन्नाचा मोठा साठा असतो. वणव्यात सारी पाने जळून गेली तरी काही आठवड्यांतच माथ्यातून नवी हिरवी पाने फुटतात, ती या साठ्याच्या बळावर.

वणव्यात झाडाला तारणारा हाच गुण पुनर्रोपणानंतर मालकाला चकवितो. झाड उपटताना मुळे तुटली, उरलेली सडली आणि नवी फुटलीच नाहीत, तरीही खोडातील शिदोरीवर पाने महिनोन्‌महिने, कधी दीड-दोन वर्षेही हिरवी राहू शकतात. मालक समाधानाने पाणी कमी करतो, लक्ष दुसरीकडे वळवितो आणि शिदोरी संपली की झाड पाहता पाहता पिवळे पडते. ज्याला तो आकस्मिक मृत्यू समजतो, त्याचा आरंभ वास्तविक झाड अंगणात आले त्याच आठवड्यात झालेला असतो.

विकत मिळते ते वय

तृणवृक्षाचे खोड वर्षाला साधारणतः १ ते २ सें. मी. एवढेच वाढते. दीड मीटर खोडाचे झाड या हिशेबाने ७५ ते १५० वर्षांचे ठरते. शिवाय जमिनीवर खोड दिसू लागण्यापूर्वीचा प्रदीर्घ काळ वेगळाच. रोपवाटिकेत किंमत बहुधा खोडाच्या उंचीवर ठरते. म्हणजेच ग्राहक पैसे मोजतो ते झाडाच्या वयाचे. आंब्याचे कलम मेले तर पुढच्या पावसाळ्यात दुसरे लावता येते. शंभर वर्षांचा तृणवृक्ष मेला तर तो लावणाऱ्याच्या नातवाच्या हयातीतही भरून निघत नाही.

यावर असे म्हटले जाते की रस्ते, खाणी व वसाहती यांसाठी मोकळ्या केल्या जाणाऱ्या जमिनीवरील झाडे यंत्राखाली चिरडली जाणारच असतात, ती उचलून अंगणात आणणे हे पुण्यच होय. हा युक्तिवाद निखालस चुकीचा नाही. परंतु तो ज्या झाडाचे मरण खरोखरच अटळ होते त्याच झाडाला लागू पडतो. ग्राहकांची मागणी वाढली की अभंग रानातून चोरून झाडे काढण्याचा मोहही वाढतो. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील राज्यांनी वन्य तृणवृक्ष काढण्यावर व विकण्यावर परवान्यांची बंधने घातलेली आहेत. झाड कोठून व कोणत्या परवान्याने काढले याचा स्पष्ट पुरावा विक्रेता दाखवू शकत नसेल, तर ते कितीही सुंदर असले तरी घेऊ नये.

दुसरा प्रश्न विचारावयाचा तो झाड केव्हा काढले हा. कालच उपटलेले झाड स्वस्त पडते, पण त्याच्या मुळांचा जुगार ग्राहकाच्या माथी येतो. ज्या रोपवाटिकेने झाड कुंडीत वर्षभर किंवा अधिक काळ सांभाळले आहे आणि कुंडीच्या तळाशी नवी पांढरी मुळे दाखविण्याची जिची तयारी आहे, तिच्याकडे चार पैसे अधिक देणे हाच शहाणपणा होय.

जागा व लावणी

तृणवृक्षाला भरपूर ऊन आणि पाण्याचा उत्तम निचरा हवा. वालुकामय किंवा मुरमाड जमीन त्याला मानवते. चिकण जमिनीत खड्डा केला तर तो पाणी धरणाऱ्या हौदासारखा होतो व मुळे कुजतात. जागा पक्की करण्यापूर्वी खड्डा पाण्याने भरून पाहावा. काही तासांत पाणी जिरले नाही, तर तेथे खड्डा न करता रेताड मातीचा सुमारे ३० सें. मी. उंचीचा उंचवटा करून त्यावर लावणी करावी.

झाड खोडाला धरून कधीही उचलू नये. खोड व मुळे यांचा सांधा झाडाच्या आकारमानाच्या मानाने फार कमकुवत असतो. एका हिसक्यात तो आतून तुटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. मुळांभोवतीचा मातीचा गोळा ओल्या गोणपाटात बांधून, खालून आधार देऊनच झाड हलवावे. या मातीतील कवकांशी मुळांचे साहचर्य असते, म्हणून जुनी माती झटकून किंवा धुऊन टाकणे घातक ठरते. झाड पूर्वी जेवढे जमिनीत होते तेवढेच पुन्हा असावे. खोड अधिक खोल पुरू नये. उंच झाडास दोन-तीन बाजूंनी आधार द्यावा. वाऱ्याने झाड डोलत राहिले तर नुकतीच फुटलेली कोवळी मुळे पुनःपुन्हा तुटतात.

पुनर्रोपणानंतर पानांचा झुपका निम्म्याने कापावा. मुळे तुटलेली असताना पानांवाटे होणारे पाण्याचे उत्सर्जन कमी करण्याचा हा सरळ उपाय आहे. पुष्कळ रोपवाटिका याच हेतूने पाने जाळतात. तृणवृक्ष अग्नीला सरावलेला आहे हे खरे. पण आग त्याला फुलण्याचीही प्रेरणा देते, आणि फुलांचा दांडा वाढविण्यात खोडातील शिदोरी खर्च होते. जे झाड मुळांवाचून दिवस काढीत आहे, त्याला फुलोऱ्याचा खर्च करावयास लावणे विवेकाचे नव्हे. नव्या झाडाला पहिल्याच वर्षी दांडा आला म्हणून आनंदित होण्यापेक्षा तो लवकर कापून टाकणे हिताचे ठरते. शिवाय वस्तीत आग लावणे धोक्याचे असते आणि वणव्याच्या ऋतूत कायद्याने निषिद्धही असते, हे वेगळे सांगावयास नकोच.

पाणी व खत

तृणवृक्ष दुष्काळ सोसतो ही त्याची कीर्ती मुळे रुजलेल्या झाडाची आहे. नव्याने लावलेल्या झाडाला ती लागू पडत नाही. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाण्याची हयगय करता कामा नये. ऑस्ट्रेलियात उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो. पर्थ व ॲडलेडकडे पाऊस प्रामुख्याने हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. तेथे एप्रिलनंतर लावणी केल्यास मुळांना पावसाचे काही महिने मिळतात. ब्रिस्बेनकडे पावसाळा उन्हाळ्यातच येतो, म्हणून तेथे निचऱ्याची चिंता अधिक वाहावी. रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोन वेळा मातीचा गोळा तळापर्यंत भिजेल असे सावकाश पाणी द्यावे. त्यापूर्वी बोटाने माती उकरून पाहावी आणि ओल असल्यास थांबावे.

खताच्या बाबतीत औदार्य दाखवू नये. ऑस्ट्रेलियाच्या निकस जमिनीत वाढलेल्या या झाडाला भरपूर शेणखत किंवा स्फुरदयुक्त खत देणे म्हणजे उपवासाला सरावलेल्या माणसाला पंक्तीत बसविणे होय. तेथील हौशी बागवानांत पाण्यात साखर विरघळवून मुळांशी घालण्याची प्रथा आहे. मुळांवरील कवकांना ती पोसते असा त्यांचा समज असतो. परंतु तुटलेली मुळे साखरेने जोडली जात नाहीत आणि चुकलेल्या पाण्याच्या पाळीची भरपाईही तिने होत नाही.

अदृश्य शत्रू

तृणवृक्षाचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे फायटोफ्थोरा सिनामोमी हा मुळे कुजविणारा सूक्ष्मजीव होय. १९६० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियातील जारा वृक्षांच्या वनांचा ऱ्हास त्याच्यामुळे होत असल्याचे सिद्ध झाले. तृणवृक्ष त्याला इतका लवकर बळी पडतो की वनात तृणवृक्ष मरू लागले म्हणजे रोग पोहोचला असे वनाधिकारी समजतात. ओल्या मातीतून, बुटांच्या तळव्यांतून, फावड्यांतून व वाहनांच्या चाकांतून हा रोग पसरतो. फॉस्फाइटच्या उपचाराने झाडाची प्रतिकारशक्ती वाढते, पण जमिनीतून रोगाचे उच्चाटन होत नाही.

नागपूरच्या संत्रा बागाइतदाराला हा शत्रू अगदीच अपरिचित नाही. संत्र्यावरील डिंक्या रोग याच फायटोफ्थोरा प्रजातीतील जातींमुळे होतो. बुंध्याशी पाणी साचू न देणे, अवजारे स्वच्छ ठेवणे आणि रोगट बागेतील माती निरोगी बागेत न नेणे, हे त्याने अनुभवाने शिकलेले नियम तृणवृक्षालाही जसेच्या तसे लागू पडतात.

परीक्षा कशी करावी

झाड जगले की नाही हे जाणण्यासाठी बाहेरच्या पानांकडे न पाहता माथ्याच्या मध्याकडे पाहावे. पाने कापताना सर्व टोके एका पातळीत आणावीत. काही महिन्यांनी मधली पाने त्या पातळीच्या वर सरकली आणि न कापलेल्या टोकांची नवी पाने निघाली, तर वाढ चालू आहे. मात्र ही वाढही प्रथम शिदोरीवरच होत असल्यामुळे एवढ्यावर विसंबू नये. मधली पाने तपकिरी पडली किंवा हलके ओढताच हातात आली, तर गाभा कुजला असे समजावे. दुसरा उन्हाळा उलटल्यावरही नवी पाने जोमाने येत राहिली, तरच झाड नव्या जागी रुजले असे म्हणता येईल.

म्हणून विक्रेत्याने प्रत्येक झाडाच्या चिठ्ठीवर ते काढल्याची तारीख लिहावी आणि जगण्याची हमी द्यावयाची तर ती दोन उन्हाळ्यांची द्यावी. ज्या ग्राहकाला दोन वर्षे नियमाने पाणी देणे शक्य नाही त्याने मोठे झाड घेऊच नये. त्याच्यासाठी बियांपासून वाढविलेली लहान रोपे आहेत. ताजे बी विशेष प्रक्रियेवाचूनही उगवते. अशा रोपाला खोड येण्यास दीर्घ काळ लागतो, पण पानांचा सुंदर झुपका त्यापूर्वीच बागेची शोभा वाढवितो आणि कोणत्याही रानाचे त्यात काही जात नाही.

या झाडाकडून महाराष्ट्रानेही एक धडा घेण्याजोगा आहे. रस्तारुंदीकरणात येणारे वड, पिंपळ व कडुनिंब उचलून दुसरीकडे लावण्याचे प्रयोग येथेही होत असतात. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. अशा वृक्षाच्या छाटलेल्या खोडावर थोड्याच दिवसांत पालवी फुटते व पुनर्रोपण यशस्वी झाले असे जाहीर होते. ती पालवीही पुष्कळदा साठविलेल्या अन्नावरचीच असते. झाड हलविल्याच्या दिवशी छायाचित्रे काढणारे पुष्कळ असतात, पण दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर पाठविणारा क्वचितच आढळतो. जगलेल्या झाडांची मोजणी दोन उन्हाळ्यांनंतर करण्याचा नियम घातला, तर आकडे कदाचित लहान होतील, पण ते खरे असतील. आणि झाडे वाचविण्याचे काम त्या खऱ्या आकड्यांपासूनच सुरू करावे लागेल.