विश्लेषण : ग्रीक उठावशिल्पांची मातीतली नक्कल… कला कधी, फसवणूक कधी?

पार्थेनॉनचे घोडेस्वार, भाल्यावर रेलून खाली पाहणारी अथेना… अशा प्राचीन ग्रीक उठावशिल्पांच्या हाताने घडवलेल्या टेराकोटा प्रतिकृती घराच्या भिंतीवर लावल्या जातात. नक्कल म्हटले की नाके मुरडली जातात. पण दोष नकलेत नाही, ती लपवण्यात आहे.

नक्कल आजचीच?

नाही. खुद्द ग्रीक कारागीर साच्यात माती दाबून एकाच शिल्पाच्या अनेक प्रती काढत. दक्षिण इटलीतील लोक्री या ग्रीक वसाहतीत पर्सेफोनी देवीला वाहिलेल्या अशा मातीच्या पाट्यांचे हजारो तुकडे सापडले आहेत. त्या इ.स.पू. ५ व्या शतकातल्या. मिलोस बेटाच्या नावाने ओळखली जाणारी ‘मेलियन’ उठावशिल्पेही साच्यातलीच.

मग हातकामाचे मोल काय?

माती सुकताना आणि भट्टीत भाजताना आकसते. त्यामुळे तयार प्रतीवरून पुन्हा साचा घेतला, की पुढची प्रत लहान आणि बोथट निघते. वस्त्राच्या चुण्या, डोळ्यांच्या कडा हाताने पुन्हा उठवाव्या लागतात. संगमरवरातला तपशील मातीत उतरवण्याचे हे कसब आहे. त्याचे योग्य दाम मागण्यात गैर काहीच नाही.

धोका कुठे?

१८७० च्या दशकात ग्रीसमधील तनाग्राच्या थडग्यांतून मातीच्या लहान मूर्ती निघाल्या. युरोपात मागणी वाढली आणि बनावट मूर्तींचा सुळसुळाट झाला. संग्रहालयेही फसली. माती शेवटची कधी भाजली गेली, याचा अंदाज आज थर्मोल्युमिनेसन्स चाचणीने येतो. पण भिंतीसाठी वस्तू घेणारा ग्राहक ती चाचणी करत नाही. प्रामाणिकपणे विकलेली प्रतिकृतीही दोन पिढ्यांनंतर ‘पुरातन’ म्हणून विकली जाऊ शकते.

उपाय काय?

माती ओली असतानाच पाठीमागे कारागिराचे नाव, वर्ष आणि ‘प्रतिकृती’ हा शब्द कोरावा. कागदी लेबल निघते, प्रमाणपत्र हरवते. भाजलेली अक्षरे टिकतात. खरवडली तरी खरवडल्याची खूण राहते. याने भाव पडेल, अशी भीती विक्रेत्यांना वाटू शकते. पण वय झाकल्यावरच जिला भाव येतो, ती वस्तू हस्तकला म्हणून विकलीच जात नसते. म्हणून घेणाऱ्याने शिल्पाच्या चेहऱ्याआधी त्याची पाठ पाहावी.