पंपाबरोबर पायांनाही औषध द्या

धाप लागते म्हणून घरातल्या मोठ्या माणसांना खुर्चीत बसवून ठेवणं आता थांबलं पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेले रुग्ण माझ्याकडे येतात ते गुडघे धरलेत म्हणून. धापेसाठी व्यायाम शिकायला त्यांना क्वचितच कुणी पाठवतं.

अलीकडेच एक मावशी आल्या. साठी ओलांडलेली, विडी कधी ओढलेली नाही, पण सगळा जन्म चुलीपुढे गेलेला. सून म्हणाली, "आत्यांना आम्ही इकडची काडी तिकडे करू देत नाही." मायेनंच करत होती बिचारी. मावशींना म्हटलं, हात छातीशी घ्या आणि खुर्चीतून उठा. पहिल्यांदा कशाबशा उठल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी तळवे मांड्यांवर रोवले, पुढे झुकल्या, तरी बूड उचलेना. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९४ दिसत होते. त्या घटकेला त्यांना श्वासानं अडवलं नव्हतं, मांड्यांत जोरच नव्हता. गुडघ्याच्या वर मी चिमटीत धरलं, तर हाताला नुसती सैल कातडी आली.

हे असं का होतं? धाप लागली की माणूस चालणं टाळतो. न चालल्यानं मांडीचा पुढचा मोठा स्नायू झडतो, आणि त्यातले दीर्घकाळ काम करणारे तंतू आधी कमी होतात. मग चार पावलांतच स्नायूत लॅक्टिक आम्ल साचतं, ते निस्तरायला जास्त श्वास लागतो, आणि आधीच अधू झालेल्या फुप्फुसांवर आणखी भार पडतो. धाप वाढते, चालणं आणखी कमी होतं. शरीरातली सूज, अंगावर काढलेलं कुपोषण आणि वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या स्नायूंचं जास्तच नुकसान करतात. दवाखान्यात भरती होऊन थोडे दिवस खाटेवर काढले, तरी पायांतली ताकद उतरते.

इनहेलरच्या पंपानं श्वासनलिका मोकळ्या होतात. तो नियमानं घ्यायलाच हवा. पण झडलेली मांडी पंपानं भरत नाही.

डॉक्टर मंडळींना हे नवं नाही. धापेच्या रुग्णांना विश्रांती सांगायच्या काळात, १९५२ मध्येच, अमेरिकेतल्या अल्व्हान बॅराक यांनी त्यांना चालवावं असं सुचवलं होतं. २००४ मध्ये आलेल्या बोड निर्देशांकात रुग्णाच्या आयुष्याचा अंदाज चार गोष्टींवरून बांधला जातो: वजन-उंचीचं प्रमाण, फुंकण्याची तपासणी, धाप, आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतर. नुसत्या फुंकण्याच्या आकड्यापेक्षा तो अंदाज सरस ठरला. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ६५ चाचण्या एकत्र तपासल्या. व्यायामाच्या अशा कार्यक्रमानं, ज्याला पल्मनरी रिहॅब म्हणतात, धाप कमी होते आणि चालणं वाढतं हे त्यात इतकं स्पष्ट दिसलं, की तेच पुन्हा सिद्ध करायला नव्या चाचण्यांची गरज नाही असं लेखकांनी लिहून टाकलं.

तरीही चिठ्ठीवर व्यायाम येत नाही, याचा मला राग येतो. २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. त्याच वर्षी उज्ज्वला योजना सुरू झाली, घरोघर गॅस आला, ते चांगलंच झालं. पण आधीची तीस-चाळीस वर्षं चुलीचा जो धूर बायकांच्या छातीत गेला, त्याचं काय? या बायकांसाठी ग्रामीण रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट, तीस मीटरचा व्हरांडा, चार खुर्च्या आणि एक ऑक्सिमीटर एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. महागडं यंत्र लागत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, सहा ते आठ आठवडे, एवढाच तो कार्यक्रम असतो.

मावशींची सुरुवात आम्ही उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीपासून केली. उठताना ओठांचा चंबू करून फुंकर घालत श्वास सोडायचा, बसताना घाई करायची नाही. नंतर उशी काढली. मग अंगणातल्या फेऱ्या. थोडी धाप लागणारच, लागली पाहिजे. तुटक का होईना, बोलता येतंय तोवर भ्यायचं कारण नाही. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ऑक्सिजन डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याखाली गेला, तर मात्र थांबायचं. म्हणूनच हृदय आणि छाती तपासून घेतल्याशिवाय, मनानं हे सुरू करू नये. जेवणात डाळ, उसळ, अंडं, दूध हवं. पोट गच्च भरलं की धाप लागते, म्हणून थोडं थोडं, पण चार वेळा द्यावं. सुनेला मी एवढंच म्हटलं, भाजी निवडायला आत्यांना द्या, आणि ती आणायला त्यांनाच उठू द्या.

पुढच्या वेळी छातीच्या डॉक्टरांकडे गेलात, की पंपाची चिठ्ठी घेऊन लगेच उठू नका. आईला सहा मिनिटांत किती चालता येतं ते मोजाल का, आणि तिला व्यायाम कोण शिकवेल, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर मिळाल्याशिवाय बाहेर पडू नका.