भंगाराच्या काट्यावर पहारेकरी हवा

चेन्नईहून बंगळूरुकडे जाताना श्रीपेरुंबुदूर लागले, की मला नोकियाचा कारखाना आठवतो. तो 2006 मध्ये सुरू झाला आणि 2014 मध्ये बंद पडला. आज त्याच पट्ट्यात आयफोनची जोडणी होते. कल्पाक्कमचे अणुकेंद्रही येथून फार दूर नाही. फोन जोडण्यात तरबेज झालेल्या या हातांना किरणोत्सार टिपणारी उपकरणे का घडवता येऊ नयेत?

हा प्रश्न हौसेचा नव्हे. 2008 मध्ये फ्रान्समधील लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 आढळले. त्या पोलादाचा माग रायगड जिल्ह्यातील खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत आला. 2010 मध्ये दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेले जुने यंत्र मायापुरीच्या भंगारबाजारात फोडले गेले आणि एकाचा बळी गेला. धोका कळला तो माणसे आजारी पडल्यावर! भंगाराच्या प्रत्येक काट्यावर शोधक नाही, कारण तो महाग आहे.

महाग का, तर त्याचे हृदय असलेला स्फटिक भट्टीत सावकाश वाढवावा लागतो. 1948 मध्ये हॉफस्टॅटर यांनी पुढे आणलेला सोडियम आयोडाइडचा स्फटिक अजूनही सर्वत्र वापरात आहे. मात्र तो हवेतील ओलावा शोषून खराब होतो. भाभा अणुसंशोधन केंद्र असे स्फटिक स्वतः वाढवते. सीझियम, शिसे व ब्रोमीन यांचे नॅनोस्फटिक मात्र द्रावणात, तुलनेने कमी तापमानाला तयार होतात आणि शाईसारखे पसरवता येतात. 2015 मध्ये झुरिचच्या संशोधकांनी ते घडवले. 2018 मध्ये सिंगापूरच्या गटाने त्यांच्यावर क्ष-किरणांच्या प्रतिमा मिळवल्या.

येथे उत्साहाला थोडा आवर घालावा लागेल. पातळ थरातून गॅमा किरण बहुतांशी आरपार जातात. जाड थर केला, तर स्फटिक स्वतःचाच प्रकाश गिळतात. शिसे विषारी आहे आणि ओलाव्याचा त्रास याही पदार्थांना आहे. म्हणून तुर्भेच्या भट्ट्या विझवून सारा निधी नॅनोपदार्थांकडे वळवावा, असे मी म्हणणार नाही. (आपल्याकडे नव्या शब्दाभोवती निधी फार लवकर गोळा होतो.)

माझी सूचना याहून साधी आहे. नॅनोपदार्थांवर सरकारी पैशाने चालणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने शोधनिबंधाबरोबर एक नमुना उपकरणही द्यावे. श्रीपेरुंबुदूरच्या उद्योगांनी त्याची जोडणी करावी आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखाली ते खोपोलीसारख्या ठिकाणी, पावसाळ्यात, खऱ्या भंगारावर तपासले जावे. पहिला खरेदीदार सरकारनेच व्हावे. बंदरे व पोलाद कारखाने त्यानंतर येतील.