छंदाला पासबुक कशाला?

कामाखेरीज माणसाला एखादा छंद असावा, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते छंदांची यादी आधीच छापून ठेवणाऱ्यांशी. वाचन, बागकाम, तिकिटे जमवणे! म्हणजे छंद कामाहून वेगळा हवा, बिनखर्ची हवा आणि पाहुण्यांना दाखवता यायला हवा. या यादीत कॉम्प्युटर प्रोग्रॅमरला जागाच नाही. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून बिचारा घरी येतो आणि पुन्हा कॉम्प्युटरपुढेच बसतो. गवयाने घरी तंबोरा लावला की रियाझ आणि याने कॉम्प्युटर लावला की व्यसन! हा कुठला न्याय?

आमच्या शेजारच्या घरात हा खटला रोज रात्री चालतो. "एक वाजेपर्यंत बडवत असतोस, त्याचे जादा पैसे देतात का?" वडील विचारतात. "बाबा, हे ऑफिसचं नाहीच." "मग कोणाचं?" "माझंच." यावर वडिलांचा चेहरा मुलगा बुडीत खात्यात गेल्यासारखा होतो. मी एकदा डोकावून पाहिले. पडद्यावर शेकडो ठिपके पाखरांच्या थव्यासारखे वळत होते. उपयोग शून्य. पण काय सुरेख वळत होते!

अशा वडिलांना मी डोनाल्ड कनूथ यांचे उदाहरण देतो. (त्यातला 'क' गिळायचा नाही, असे ते स्वतःच सांगतात.) जन्म १९३८, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक. वडील पुस्तपालन शिकवत, हे आम्हा कॉमर्सवाल्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. प्रोग्रॅमिंगवर एक पुस्तक लिहायचे त्यांनी १९६२ साली मनावर घेतले. पहिला खंड १९६८ साली आला, तिसरा १९७३ साली आणि चौथ्याचा दुसरा भाग २०२२ साली! मध्येच १९७७ साली एका खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे त्यांना कुरूप वाटली. आपण प्रकाशकाला चार शब्द सुनावले असते. त्यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. थोडक्यात आटपेल म्हणता म्हणता दहाएक वर्षे गेली. 'टेक' नावाचा तो प्रोग्रॅम त्यांनी फुकट वाटला आणि जगभरचे गणिती आजही त्यावर आपले निबंध जुळवतात. पुढे त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, तीही हेच पुस्तक पुरे करायला. आमच्या बँकेत निवृत्ती घेतात ती बँक विसरायला.

यादीवाल्यांच्या समाधानासाठी सांगतो, त्यांच्या घरी पाइप ऑर्गनही आहे आणि त्यांनी रचलेले संगीत २०१८ साली, त्यांच्या ८०व्या वाढदिवशी, स्वीडनमध्ये वाजले. पण माझा जीव अडकला आहे तो त्यांच्या चेकमध्ये. पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. २५६ हा आकडा कॉम्प्युटरवाल्यांना आपल्या १०१ रुपयांसारखा. तर हे चेक पुष्कळ लोक वटवतच नसत, चौकट करून भिंतीला लावत! तीन महिन्यांत चेक शिळा होतो हे ज्याला झोपेतही पाठ आहे, त्या कारकुनाने हे कसे सोसावे? २००८ पासून तर ते एका काल्पनिक बेटावरच्या काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देऊ लागले. तरीही लोक चुका शोधत बसतात. काउंटरवर पगार घेऊनही आम्ही इतक्या बारकाईने पाहत नाही.

इथे कोणी हुशार वाचक लिनक्सचे नाव घेईल. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ते १९९१ साली केवळ हौसेने सुरू केले आणि आज त्याच्यावर अँड्रॉइड फोन चालतात, शेजारच्या वडिलांच्या खिशातलासुद्धा. खरे आहे, पण हा मुद्दा मला नको. तो मांडला की छंदाचे पासबुक पुन्हा उघडलेच. मग जमा किती, व्याज किती, आणि "छंदातून कमवा" सांगणारे शिकवणीवाले दारात हजर. हजारांत एखाद्याचे लिनक्स होते. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांच्या पडद्यावर नुसते ठिपके वळतात. मी भांडतो आहे ते त्यांच्या बाजूने. रात्री एक वाजता त्यांना दिवा मालवायला सांगायचा असेल तर विजेच्या बिलाचे कारण द्यावे, ते रास्त आहे. "एखादा छंद लावून घे" असे मात्र सांगू नये.