उदार शिक्षण कोणासाठी?

माणच्या शेजारी, लवळ्यात, २०१५ साली स्थापन झालेले ‘फ्लेम’ विद्यापीठ ‘लिबरल’ शिक्षण देते. लोक त्याला अमेरिकन म्हणतात. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, गणित, भूमिती, संगीत, खगोल या सात कला ख्रिस्ती मठांनी जोपासल्या, तेव्हा अमेरिका युरोपच्या नकाशावरही नव्हती! तेव्हा आमचा वाद अभ्यासक्रमाशी नाही. शुल्काशी आहे, ते लाखांत मोजावे लागते. माणच्या ज्या शेतकऱ्याची जमीन आयटी पार्कला गेली, त्याच्या मुलाने कला शाखा घेतली की ‘गुण कमी पडले असतील’ म्हणायचे आणि धनिकाच्या मुलाने तीच घेतली की तिला उदार शिक्षण म्हणायचे, हा कोणता न्याय? शासनाने मुळशीतील एखाद्या साध्या महाविद्यालयात हेच शिक्षण, मराठीतून, परवडेल अशा शुल्कात सुरू करावे.